इंग्रजीतलं काय काय तुमच्या डोक्यात जातं?

निर्यातवाली
कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघते. दिवसभर इंग्रजी वाचायचं आणि इंग्रजीच लिहायचं. हल्ली त्यातलं काही काही दिसलं की डोकं सणकतं.

सुरुवात घरच्या आहेरानं. 'रिव्हर्ट बॅक'. रिव्हर्ट म्हणजे मुळात पूर्वस्थितीला जाणं. आपण त्याला 'उत्तर देणे' करून टाकलं आणि वर 'बॅक'चं शेपूट लावलं. 'काइंडली डू द नीडफुल', म्हणजे काय करायचं ते सांगायचं नाही, पण काम तुमच्या गळ्यात. 'डिस्कस अबाउट'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. फोन उचलला की 'मायसेल्फ अमुक तमुक'.

आता गोऱ्यांचं. तिकडचे शिकलेसवरलेले साहेब 'शुड हॅव'च्या जागी सरळ 'शुड ऑफ' लिहितात. 'युवर' आणि 'यू आर' यांतला फरक तर त्यांच्या गावीच नाही. आणि घरात लेक कॉलेजला. तिचं 'आय वॉज लाइक, शी वॉज लाइक' दिवसभर चालू. पाऊस आला की 'लिटरली मेले', पाणीपुरी तिखट लागली की 'लिटरली मेले'. साधं वाक्यसुद्धा शेवटाला असं वर उचलते की प्रश्न विचारला का माहिती दिली तेच कळत नाही.

तुमच्या डोक्यात काय जातं? व्याकरण, उच्चार, काहीही चालेल. फक्त मराठी शुद्धलेखनावर घसरू नका, त्याचे शंभर धागे आहेत.

पेठेतला_गडी
पयला नंबर!
'व्हॉट इज युवर गुड नेम?' माझं ब्याड नेम पण आहे. पेठेत कुणालाबी विचारा.

तिरकस
उच्चारावर भाषण देणारे सगळे 'प्रोनाउन्सिएशन' म्हणतात. 'प्रोनाउन्स'मधला 'नाउ' नाम होताना 'नन' होतो, 'प्रोनन्सिएशन'. काडी टाकून जातो. बाकी चालू द्या.

अनुस्वार
चांगला धागा. माझी यादी मोठी आहे, त्यातली पहिली तीन इथं देतो.
'लेस' आणि 'फ्युअर'. मोजता येतं तिथं फ्युअर, मोजता येत नाही तिथं लेस. 'लेस पीपल' म्हणणारा माणूस माझ्या मनातून उतरतो.
'आस्क'चं 'आक्स'. अमेरिकन मालिकांत सर्रास ऐकू येतं.
एकाच माणसाला 'दे'. 'समवन लेफ्ट देअर बॅग.' एक माणूस, एक बॅग, आणि सर्वनाम अनेकवचनी? भाषेचं मातेरं करायला आणखी काय लागतं?

निवृत्त_मास्तर
ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी राधानगरी तालुक्यात इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी पाचवीला ए-बी-सी-डी सुरू व्हायची. तोपर्यंत पोरांच्या कानावर इंग्रजीचं अवाक्षर पडलेलं नसायचं. घरात नाही, गावात नाही, रेडिओवर बातम्या लागल्या तर वडील बटण फिरवायचे. त्यामुळं पोरं इंग्रजी शिकायची ती डोळ्यानं. स्पेलिंग पाठ करायला त्यांची स्वतःची युक्ती असायची. 'वेडनेसडे' म्हणजे बुधवार. 'कनिफे' म्हणजे सुरी. पुढच्या बाकावरचा एक पोरगा तर वहीवर बोट ठेवून 'कनिफे, कनिफे' असा जप करायचा, आणि परीक्षेत त्याचं स्पेलिंग कधी चुकलं नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते ऐकलं आणि वर्गासमोर पोट धरून हसले. पोरगं खाली बसलं ते वर्षभर वाचायला उठलं नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात सुरीला 'क्नीफ' असंच म्हणत होते. तो 'क' बोलला जायचा, 'ई' दीर्घ होती. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सगळे जागचे हलले. ईचा आइ झाला, ऊचा आउ झाला. पुढं तोंडातला 'क'ही गळाला. पण कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणलेला होता आणि स्पेलिंग हळूहळू छापातच गोठून गेलं. अक्षरं जुनी राहिली, उच्चार पुढं निघून गेले. माझा पोरगा साहेबापेक्षा कॅक्स्टनच्या जास्त जवळ होता.

पेठेतला_गडी
मास्तर, दंडवत. कनिफेवर आजपासून बोलायचं न्हाई.

फेटलिंग
मी शॉप फ्लोअरवरचा माणूस. मास्तरांच्या पोस्टवरून सुचलं. ताईंचं 'शुड ऑफ' घ्या. ही चूक गोराच करतो, आपला माणूस करत नाही. का? तो भाषा कानानं शिकलाय. बोलताना 'हॅव'चा आवाज दबून 'अव्ह' राहतो, 'ऑफ'चाही तसाच होतो, मग हात जे ऐकलं तेच लिहितो. आपण 'शुड हॅव' आधी फळ्यावर बघितलं, मग बोललो. म्हणून आपलं लिहिणं बरोबर आणि बोलणं कनिफे.

निर्यातवाली
फेटलिंग, हे पटलं. चार वर्षं त्या 'शुड ऑफ'वर चडफडतेय, पण आपल्याकडच्या एकाही मेलमध्ये ते दिसलं नाही हे लक्षातच आलं नव्हतं.

बी_एड_चालू
पण आता उलटं व्हायला लागलंय. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तर गल्लोगल्ली. तिथली पोरं कानानं शिकतात. वर्गाच्या दारात उभं राहून 'मेकमिन टीचर!' असं एका दमात ओरडतात. तो एकच शब्द आहे असं त्यांना खरंच वाटतं. तिसरीतल्या एकाला लिहायला सांगितलं तर त्यानं 'मेकमिन' जोडूनच लिहिलं. आमच्या बाईंनी लाल शाईनं गोल केला. मला तर शाबासकी द्यावीशी वाटली, जसं ऐकलं तसं लिहिलं की बिचाऱ्यानं.

माझ्या डोक्यात जाणारं म्हणाल तर 'टीचर, ही इज टीजिंग टू मी'. रोज निदान वीसदा.

तिरकस
आणि पालकसभेत 'माय सन इज व्हेरी मिश्चिव्हियस'. शब्द 'मिस्चिव्हस' आहे हो, शेवटी 'इयस' नाही. मुलगा खोडकर आहे हे एवढं लांबवून सांगायची गरज नाही.

लीड्सचा_पाहुणा
मी मूळचा राजारामपुरीचा, आता इकडं एका इस्पितळात. रात्रपाळी संपली, धागा वाचून हसतोय. तिरकस, तो जादा 'इयस' इथले गोरेही लावतात, आणि शेकडो वर्षं लावत आलेत. आपल्या पालकांना एकट्यांना धरू नका.

अनुस्वार, तुमच्या पहिल्या दोन कलमांवर.

लेस-फ्युअरचा नियम रॉबर्ट बेकर नावाच्या माणसानं १७७० साली छापला, तोही 'मला असं बरं वाटतं' अशा सुरात. त्याच्या आधी कित्येक शतकं लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही लेस म्हणत होते. पुढच्या व्याकरणवाल्यांनी बेकरची आवड उचलली आणि तिचा कायदा झाला. इथल्या टेस्को दुकानांत झटपट रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. त्यावर इतक्या तक्रारी झाल्या की २००८ साली त्यांनी 'अप टू टेन आयटम्स' करून वाद मिटवला. रांग तेवढीच राहिली.

'आक्स' तर आणखी मजेशीर. जुन्या इंग्रजीत 'आस्क' आणि 'आक्स' दोन्ही रूपं होती. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'आक्स' लिहितो. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात 'मागा म्हणजे मिळेल' या वचनात चक्क 'आक्स' आहे. ते पुढं पोटभाषांत राहिलं आणि अमेरिकेत काळ्या लोकांच्या बोलीत टिकलं. मग ते गावंढळ ठरलं. शब्द तोच राहिला, बोलणारा बदलला.

गुळव्या
आमच्याकडं नुकसानीला 'नुस्कान' म्हंत्यात तसंच हे. आणि शाळंत बाकड्याला 'डेक्स'. डेस्क कोण म्हंतंय?

फेटलिंग
गुळव्या, एक नंबर. आस्कचं आक्स आणि डेस्कचं डेक्स. अगदी तीच उलटापालट.

अनुस्वार
लीड्सकर, माहिती चांगली आहे, पण मुद्दा पटला नाही. चूक जुनी आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. चोरीसुद्धा फार जुनी आहे. नोकरीच्या अर्जात 'आक्स' लिहून बघा, चॉसर मदतीला येणार नाही. आमच्या काळी तर्खडकरांची इंग्रजी भाषांतराची पाठमाला घोकलेला कारकून लंडनच्या कारकुनापेक्षा चोख अर्ज लिहायचा, कारण त्याला नियम पाठ होते.

लीड्सचा_पाहुणा
अर्जापुरतं शंभर टक्के मान्य. मी तेवढंच म्हणतोय की अर्जात चालत नाही आणि चूक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेठेतला_गडी
लीड्सवाले भावा, तुमच्याकडं बोलताना गोरं लोक हसतंय का? खरं सांगा.

लीड्सचा_पाहुणा
हसत नाहीत, पण 'पार्डन?' म्हणतात, ते हसण्यापेक्षा वाईट. सुरुवातीला मी 'टू पिल्स' म्हटलं की म्हाताऱ्या पेशंटना 'बिल्स' ऐकू यायचं. इथं औषधाचे पैसे पडणार की काय म्हणून घाबरायच्या बिचाऱ्या. कारण असं की शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी प, ट, क हा हवा सोडून म्हटला जातो. तोंडासमोर कागद धरला तर हलला पाहिजे. आपला 'प' कोरडा, त्यात हवा नाही, म्हणून त्यांच्या कानाला तो 'ब' वाटतो. गंमत म्हणजे हवेचा 'प' आपल्या वर्णमालेत आहेच. ओठ मिटून म्हटलेला अस्सल 'फ' तोच. पण 'प'च्या जागी 'फ' म्हणा असं शाळेत कोण सांगणार? मास्तर, तुम्हीही सांगितलं नसेल.

दुसरं म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. इथं आपण हिंदीवाल्यांपेक्षा हुशार आहोत, निदान कागदावर. ते 'टीवी', 'वैन' लिहितात, आपण 'टीव्ही', 'व्हॅन'. डब्ल्यूला मात्र साधा 'व' देतो, जसं वॉटर, वेटर. म्हणजे फरक आपल्या लिपीत कुणीतरी नीट बसवून ठेवलाय. तोंड उघडलं की मात्र जनावरांचा व्हेट आणि ओला वेट एकच.

अनुस्वार
अर्धवट माहिती. 'व्हाइट', 'व्हॉट', 'व्हॉट्सॲप' यांत डब्ल्यू आहे, तरी आपण 'व्ह' लिहितो. मग नियम कुठं गेला?

निवृत्त_मास्तर
अनुस्वार, तिथं डब्ल्यूच्या मागं एच आहे. आपण तो एच डोळ्यानं बघितला आणि 'व्ह' लिहिला. परत तीच गोष्ट. पण अगदीच निराधार नाही. तो एच पूर्वी फुंकरीसारखा बोलला जायचा, आणि स्कॉटलंड-आयर्लंडात काही लोक अजून बोलतात.

आणि लीड्सकर, 'प'चं खरंच सांगितलं नाही कधी. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तिरकस
एचवरून आठवलं. 'एच' की 'हेच'?

लीड्सचा_पाहुणा
ब्रिटनमध्ये 'एच' प्रतिष्ठित. आयर्लंडात 'हेच' चालतं. आणि उत्तर आयर्लंडात तर हे अक्षर कसं म्हणता यावरून तुम्ही कॅथलिक का प्रॉटेस्टंट ते ओळखतात. कॅथलिक 'हेच', प्रॉटेस्टंट 'एच'. तिथल्या दंगलींच्या काळात एका अक्षरानं जात कळायची. तेव्हा 'डोक्यात जातं' हे जरा जपूनच म्हणावं.

गुळव्या
आमचा आज्जा 'यच' म्हणायचा. यल, यम, यन, यस. यष्टीनं फिरायचा. त्यो कुठल्या धर्मात बसतोय?

पेठेतला_गडी
यष्टी धर्म! लाल डब्बा हेच दैवत.

सासरपुणे
वाचनमात्र होते, पण अनुस्वार यांच्या तिसऱ्या कलमावर कुणीच बोललं नाही म्हणून लॉगिन केलं.

मी कसबा बावड्याची. आमच्या घरात आई, आत्या, आम्ही बहिणी, सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असंच बोलायचो. बाई असून पुल्लिंगी क्रियापद. त्यात काही विशेष आहे हेच माहीत नव्हतं, आजूबाजूच्या सगळ्या तशाच बोलायच्या. लग्न होऊन कोथरूडला गेले. पहिल्या आठवड्यात भाजी घेऊन आले, सासूबाईंनी दार उघडलं, मी म्हटलं, 'आई, मी आलो.' तर त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं जिन्यात डोकावून बघितलं. बरोबर कोण पुरुष आलाय ते! धाकट्या दिराला तर वर्षभर खेळणं मिळालं. रोज संध्याकाळी 'वहिनी आला का?'

कुणी दुष्टपणा केला नाही, हेही सांगते. पण त्या काळात मी तोंड उघडण्याआधी मनात वाक्य एकदा म्हणून बघायचे. आपल्याच भाषेत. इंग्रजी बोलताना आपली जी गत होते ना, तीच. आता पुण्यात 'आले' म्हणते आणि गाडीनं किणीचा टोलनाका ओलांडला की आपोआप 'आलो' सुरू होतं. मुलगी म्हणते, आई, तुझी लिंगं बदलायची जागा ठरलेली आहे.

तर एकवचनी 'दे'. ते इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. शेक्सपियरमध्ये आहे, जेन ऑस्टिनमध्ये आहे. मेरियम-वेबस्टर कोशानं २०१९ चा शब्द म्हणून 'दे' निवडला तेव्हा ते नवं खूळ आहे अशी ओरड झाली, एवढंच नवं. आणि मुळात 'यू' तरी काय होतं? अनेकवचन. एका माणसाला 'दाऊ' म्हणायचे. मग आदरार्थी 'यू' एकाला लागलं, 'दाऊ' मेलं. आपण रोज 'सर आले' म्हणतो. सर एक, क्रियापद अनेकवचनी. तिथं मातेरं होत नाही का?

पेठेतला_गडी
वहिनी, नाद खुळा! आमची आज्जी बी 'मी आलो'च म्हणायची. तिला कुणी चूक म्हटलं असतं तर लाटणं आलं असतं.

निर्यातवाली
मराठीवर घसरू नका म्हटलं होतं. पण सासरपुणे, असं घसरायचं असेल तर चालेल.

अनुस्वार
सासरपुणे, आपला प्रतिसाद आवडला. 'सर आले' हा आदर आहे, त्यामागं सर्वांना ठाऊक असलेला संकेत आहे. 'दे'मध्ये आदर नाही, संदिग्धता आहे. वाक्यात एक आला का दहा आले तेच कळत नाही. माझं मत कायम.

सासरपुणे
कायम ठेवा की. पण मग 'यू'चंही तसंच आहे. एकाला का दहांना, कळत नाही.

लीड्सचा_पाहुणा
आणि ते त्यांनाही खुपतंच. म्हणून लिव्हरपूल, आयर्लंड, स्कॉटलंडात लोक अनेकवचनाला 'यूज' म्हणतात, अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल'. शाळेत दोन्हींना छडी. पण गरज खरी आहे, शाळेला दिसत नाही एवढंच.

गुळव्या
आमचं बरं हाय. 'काय करालायसा? जेवलायसा? कुठं निघालायसा?' शेवटचा 'सा' लावला की मान पण झाला आणि चारजण असले तर चारी आले. राणीला शिकवाया पायजे हुतं.

तिरकस
यॉल जेवलायसा? खी खी खी.

फेटलिंग
मूळ धाग्याकडं येतो. व्याकरणाची चूक माझ्या डोक्यात जात नाही. मशीनवरची निम्मी नावं तशीही मोडकीच आहेत. ज्यात वाळू उचलतो ते घमेलं पोर्तुगीज, बिजागरी पोर्तुगीज, पगारसुद्धा पोर्तुगीजच, आणि तिन्ही चोख चालतात. डोक्यात जातं ते असं इंग्रजी, जे व्याकरणात बरोबर असतं आणि अर्थ दोन निघतात. तिथं माल रिजेक्ट होतो.

एक किस्सा. मागच्या नोकरीत अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलणं चाललं होतं, कास्टिंगच्या दरवाढीवर. तो म्हणाला, 'लेट्स टेबल इट.' आमचे साहेब जुन्या वळणाचे, ब्रिटिश इंग्रजीवर पोसलेले. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं. साहेब खूश. आम्ही रात्रभर बसून पिग आयर्नचे भाव, विजेचं बिल, कोअरचा खर्च, सगळं कोष्टक तयार केलं. पुढच्या बैठकीत तो माणूस दरवाढीचं नावच काढेना. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं! शब्द तोच, स्पेलिंग तेच, उच्चार तोच, अर्थ बरोबर उलटा. यावर कुठल्या व्याकरणवाल्यानं पाटी लावली?

तारखांचंही तसंच. ०३/०४ म्हणजे आपली तीन एप्रिल, अमेरिकेची चार मार्च. एक कंटेनर त्यापायी महिनाभर आधी मागितला गेला.

निर्यातवाली
हे मी रोज भोगते. मी आता महिना अक्षरातच लिहिते. आणि 'क्वाइट गुड'. ब्रिटिश माणूस तुमच्या नमुन्याला 'क्वाइट गुड' म्हणाला तर पेढे वाटू नका. त्याचा अर्थ 'ठीक आहे, बरं आहे' इतकाच. अमेरिकन म्हणाला तर वाटा.

बी_एड_चालू
'बायवीकली' विसरलात. आठवड्यातून दोनदा का दोन आठवड्यांतून एकदा, कोशात दोन्ही अर्थ दिलेत.

पेठेतला_गडी
आपल्या 'परवा'चं काय मग? परवा गेलो आणि परवा जाणार. त्याला कुणी काय म्हणत न्हाई.

अनुस्वार
क्रियापदावरून कळतं. 'परवा' निर्दोष आहे.

पेठेतला_गडी
'परवा भेटू' म्हणून गेलेला गडी अजून भेटला नाही. उसने घेतल्यात.

निवृत्त_मास्तर
थोडं अवांतर करतो. हे शुद्ध-अशुद्धाचं वेड कोल्हापूरला नवं नाही. १९३६ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव ज्यूलियन इथल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. मराठीतले फारसी-इंग्रजी शब्द वेचून काढायच्या मोहिमेचे ते मोठे पुरस्कर्ते. आणि शिकवायचा विषय कोणता? फारसी. मराठीत गझल रुजवली तीही त्यांनीच. टोपणनावातला 'ज्यूलियन' तर सरळ विलायतेचा. माणूस थोर होता, टिंगल करत नाही. पण भाषेवर जीव लावणाऱ्याला अशी विसंगती बहुधा चुकत नाही. अनुस्वार, आपणही आपल्या पोस्टमध्ये 'मालिकांत सर्रास' लिहिलंत. सर्रास फारसीतून आलाय.

अनुस्वार
मास्तर, तो रुळलेला शब्द आहे.

तिरकस
'रिव्हर्ट बॅक'ही रुळतोय.

अनुस्वार
कदापि नाही.

गुळव्या
माझं एक काम हाय, तुम्ही शिकलेली माणसं हायसा म्हणून विचारतो. आमचं गुऱ्हाळ. चुलत्याच्या ओळखीनं पयल्यांदाच गूळ भाईर निघालाय, अमेरिकेला. एजंटानं डब्याचं लेबल पाठवलंय, इंग्रजीत. 'नो ॲडेड केमिकल' बरोबर का 'केमिकल्स'? आणि 'पॅक्ड ऑन' पुढं तारीख आकड्यात टाकलीय.

निर्यातवाली
'केमिकल्स' करा, एस हवा. तारखेत महिना अक्षरात घाला, फेटलिंग यांचा कंटेनर आठवा. आणि 'कोल्हापूर जॅगरी' ठळक छापा. २०१४ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, ते चिन्ह कसं वापरायचं ते नोंदणी असलेल्यांकडून विचारून घ्या.

अनुस्वार
लेबलचा फोटो टाका. बाकीही तपासून देतो.

गुळव्या
टाकला. बघा निवांत.

अनुस्वार
'मेड फ्रॉम फ्रेश शुगरकेन' ठीक. 'हायजिनीकली' चं स्पेलिंग चुकलंय, आय राहिलाय. 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ' मध्ये 'मंथ्स' करा आणि पुढं 'फ्रॉम पॅकिंग' घाला, नाहीतर कशाच्या आधी ते कळणार नाही. एकूण, एजंटानं पैसे घेतले असतील तर थोडे परत मागा.

गुळव्या
लई उपकार मालक. अजून एक. एजंट म्हणतोय 'जॅगरी' तिकडं कुणाला कळत न्हाई, 'केन शुगर' घाला, माल उचलंल. आता सांगा. गुळाला साखर म्हणायचं? आमचा आज्जा कायलीपुढं उभा ऱ्हायला, बा उभा ऱ्हायला. हात तोडला तरी डब्यावर साखर लिहिणार न्हाई.

फेटलिंग
बरोबर आहे भावा. लिहू नको.

लीड्सचा_पाहुणा
सांगू का नको, विचार करतोय. 'जॅगरी' हा शब्द इंग्रजीत पोर्तुगिजांकडून आला, त्यांनी तो आपल्या दक्षिणेकडून उचलला, आणि त्याचं मूळ आहे 'शर्करा'. म्हणजे साखरच.

गुळव्या
मालक, हे एजंटाला सांगू नका.